राखणदार

तामालेच्या बाजारात, याम उतरवतात त्या गल्लीच्या तोंडाशी
सनातूचं दुकान: अर्धा कंटेनर, एक सोल्डरिंगची कांडी
आणि प्लास्टिकच्या टोपात
खडूने आकडे घातलेले एकोणीस मोबाइल.
मी तिथे शिकाऊ.
चार्जिंगचे दोन सेडी घेतो,
हरमातानची धूळ तासातासाला फुंकतो.

अंदानी आला तेव्हा वीज नुकतीच गेली होती.
यामच्या गोदामाचा रात्रीचा राखणदार,
डोळ्यांत कायमची झोपेची उधारी.
"चौदा नंबर माझा," म्हणाला,
"पुतण्याने बॅटरी वाचवणारी तीन ॲपं घातलीत,
तरी पहाटेच्या बांगेआधीच जीव सोडतो.
चौथं घालून दे."

सनातू हसली नाही.
पैसे मोजून होईपर्यंत ती गिऱ्हाइकाला हसत नाही.
तिने पडदा त्याच्याकडे वळवला.
हिरवा झाडू भिरभिरत होता:
सत्तेचाळीस मिनिटं वाचली!
"काल एकोणचाळीस वाचली असतील,
परवा बावन्न," ती म्हणाली,
"कुठे ठेवलीत काका?
दाखवा बघू गाठोडं."

मग पेचकस हलवत, मला समजावते तसं:
"आतली ॲपं आपापली निजलेली असतात.
हा झाडूवाला येतो, गदागदा हलवून विचारतो, झोपलास ना?
आणि बाहेर काढतो.
ती पुन्हा दार वाजवतात, आत येतात,
पुन्हा अंथरूण घालतात.
त्या ये-जा करण्यातच संपतं सगळं.
तुमचे तर तीन.
एक दुसऱ्याला हाकलतो,
तिसरा दोघांवर लक्ष ठेवायला जागा.
शिवाय त्यांच्या जाहिराती."

अंदानी बराच वेळ गप्प.
समोर एक गिनी कोंबडी
टायरच्या सावलीत उगाच माती उकरत होती.
"म्हणजे राखणदारच खातो तर," तो म्हणाला.
"मीही रात्री चारदा उठून ढिगावर बॅटरी मारतो.
याम काही वाढत नाहीत त्याने.
होते तेवढेच असतात."

मालकाने महिन्याभरापूर्वी गोदामात कॅमेरा लावलाय,
हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सनातूने उत्तर दिलं नाही. मागचं झाकण उघडलं.
बॅटरी टम्म फुगलेली.
"हिला चार वर्षं झाली. थकली, एवढंच.
त्यात तुमच्या पत्र्याखाली रेंज नाही,
फोन रात्रभर टॉवरला हाका मारत बसतो.
आणि किती उरली ते तुम्ही किती वेळा बघता?"
"सारखाच," तो ओशाळून म्हणाला.
"मग तो उजेडच सगळ्यात जास्त खातो."

तिन्ही ॲपं काढली. पडदा मंद केला.
दुसऱ्या कुणाच्या फोनातली बॅटरी बसवली,
"हीसुद्धा नवी नाही, फार आशा नको" असं बजावून.
पस्तीस सेडी, दोन हप्त्यांत.

चौथ्या दिवशी तो आला, काखेत एक याम.
"आज सकाळी एकतीस टक्के," म्हणाला.
सनातूने नुसती मान हलवली.
मग खालच्या आवाजात:
"खरं सांगू? तो झाडू नाही तर रात्र फार लांब होते.
बघायलाच काही नसतं.
मग उठतो, ढिगाला हात लावत फिरतो, अंधारातच.
काल एक गरम लागला.
आतून सडत होता, शेजारचे पाचसहाही.
मालकाला उठवून दाखवले.
तो कॅमेऱ्यात बघत राहिला.
कॅमेऱ्यात सगळे सारखेच दिसत होते."

सनातूने याम हातात घेतला,
अंगठ्याने दाबून पाहिला, गालाला लावला.
थंड होता.
"चौदा नंबर पूस," मला म्हणाली,
"दुसऱ्या हप्त्याचं नंतर बघू."